एकशे त्रेचाळीस विहिरी व एक सही यांची बखर

श्री. नमन त्या सहीस, की जी मिळाल्यावाचून या राज्यात पान हलत नाही. आणि नमन त्या गोल शिक्क्यास, की जो हाती लागला असता शाई वाळलेली असते आणि शाई आली असता कपाटाची किल्ली ज्यापाशी तो रजेवर असतो. आणि नमन त्या डाव्या बाजूच्या दीड इंच समासास, की ज्याने भले भले विद्वान खिडकीवरूनच परत धाडिले. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, पौष शुद्ध पंचमी, ते दिवशी खात्यात नवे दाखल जाहलेले संशोधक चौघे मिळोन आम्हांपाशी आले आणि पुसते जाहले की, "दादा, तुम्ही इथले सगळ्यांत जुने. सर एकेक कागद दोन दोन महिने वाचत का बसतात? साध्या रजेच्या अर्जावर आठ शंका काढल्या. पूर्वीपासून असंच आहे का?" त्यावर आम्ही हसलो, आणि मग हसू आवरून सांगितले की पूर्वी ऐसे नव्हते, पूर्वी सरकार, म्हणजे तुमचे सर, काहीच वाचीत नसत, आणि तो सुखाचा काळ कसा बुडाला याची हकीकत मोठी आहे. तेव्हा त्यांनी आग्रह केला की लिहून द्यावी. त्यावरून लिहिणार, या राज्यात वर्षे अकरा, नोंदणी दुसऱ्यांदा, प्रबंध अपुरा, डोळ्यांनी पाहिले आणि भिंतीपलीकडून ऐकिले ते लिहितो. पदरचे फार थोडे घातले आहे.

प्रथम राज्याची स्थिती ऐसी. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर आमचाच कागद कोठे तरी अडकेल. तीन मजले, बत्तीस खोल्या आणि लिफ्ट एक. ती आम्ही दाखल होण्यापूर्वीच बंद जाहली आणि तिजवर "दुरुस्ती सुरू आहे" ऐसा फलक लागला, आणि पुढे फलक जुना दिसतो म्हणोन दोन वेळा नवा करविला. तेथे भूगोल खात्याचे गादीवर राजश्री डॉक्टर प्रभाकरराव वडनेरे सरकार विराजमान, आणि त्यांचे पदरी संशोधक आठ. संशोधकांचे कर्तव्य काय, तर सरकारांचे भाषणाच्या स्लाइडी जोडाव्या, आणि परगावचे पाहुणे एस.टी. स्थानकावरून आणावे, आणि चर्चासत्रास खुर्च्या मांडाव्या, आणि ऐकणारे कमी पडले तर त्याच खुर्च्यांवर आपण बसून माना डोलवाव्या, आणि दर सहा महिन्यांनी प्रगती-अहवाल द्यावा, त्यात मागील खेपेचे "काम सुरू आहे" हे खोडोन "काम प्रगतिपथावर आहे" ऐसे लिहावे, आणि मग वेळ उरला तर संशोधन करावे. लग्नाकार्यास गावी गेले असता सगळे आप्त एकच पुसत, "अजून शिकताच का?" आणि विषय सांगितला असता म्हणत, "मग याचा उपयोग काय?" आणि उत्तर ऐकण्यापूर्वी जिलबी वाढावयास निघून जात.

सरकारांची ख्याती दोन गोष्टींबद्दल होती. एक, सरकार काही वाचीत नसत. दुसरी, वाचल्यासारखे फार उत्तम करीत. संशोधकाने प्रकरण लिहून नेऊन द्यावे, ते मेजावरील ढिगात खाली जावे, आणि ऋतू पालटला म्हणजे वर यावे, आणि पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले असावे, "पाहिले. अजून खोल जावे." एकदा एका संशोधकाने गडबडीत प्रकरणाऐवजी भावाच्या लग्नपत्रिकेची मुद्रिते पाकिटात घातली, तीही पाच महिन्यांनी परत आली, आणि वर शेरा होता, "ठीक. संदर्भ वाढवावेत." मात्र प्रबंधाचे आरंभी ऋणनिर्देश म्हणोन जे एक पान असते, ज्यात संशोधक सर्वांचे आभार मानितो, ते पान सरकार खासा वाचीत. चष्मा पुसावा, पेन्सिल घ्यावी, दार लोटून घ्यावे आणि आपले नावाचे मागे विशेषणे किती हे मोजावे. पाचांखाली चालत नसे. आणि ते पान मनासारखे उतरले की उरलेले सर्व कागद समोर धरावे, सरकारांनी कोठे सही हवी एवढेच पुसावे आणि भराभर सह्या करीत जावे. ही रीत सर्वांस ठाऊक होती, आणि खरे सांगावयाचे तर आमचे सगळ्यांचे आयुष्य तिजवरच चालले होते.

ऐशा राज्यात हेमांगीबाई दुर्गुळे दाखल जाहल्या. बाप गिरणीत पीठ दळणार, घरात पदवीधर ही पहिलीच, बोलणे कमी आणि चालणे फार. विषय घेतला तो तीन तालुक्यांतील विहिरींचे पाण्याचा, की कोणत्या महिन्यात पाणी किती खाली जाते आणि कोणाची विहीर आधी आटते. सरकार म्हणाले, "उत्तम. कर." आणि पुन्हा विषय कोणता होता हे चार वर्षे विचारीत राहिले. बाईंनी दोरीस वजन बांधिले, दोरीवर दर वीतभर अंतराने गाठी मारिल्या आणि एकशे त्रेचाळीस विहिरी निवडोन दर महिन्यास प्रत्येकीवर जाऊ लागल्या, ऐशी तीन वर्षे. एस.टी.ने जावे, पुढे वडापाची जीप मिळाली तर ठीक, नाही तर पायी जावे. कोठे कुत्री अंगावर येत, कोठे लोक पुसत की सरकारी योजना आली का, आणि नाही म्हटले की पाणीही न विचारता आत जात. सदतीस क्रमांकाची विहीर कौसाबाई म्हणोन एका म्हाताऱ्या विधवेची होती. तिने पहिल्या दिवशी विचारिले, "मोजून काय व्हईल गं? वाढंल का पानी?" बाई म्हणाल्या, "वाढणार नाही आजी. पण किती कमी झालं ते कागदावर राहील." कौसाबाईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग मोज. आजपत्तुर आमचं काय कागदावर ऱ्हायलंय." आणि त्या दिवसापासून ती स्वतः दोरीचे दुसरे टोक धरू लागली. दुसरे वर्षी वैशाखात त्याच विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून बाई घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. कौसाबाईने पदर फाडून हात बांधिला आणि दोघी दुधाचे टेम्पोत बसोन तालुक्यास गेल्या. मनगट जुळले पण थोडे वाकडेच जुळले. बाईंनी तिसरे प्रकरण लिहिले तेव्हा तळटीपेत नोंद केली की सदतीस क्रमांकाचे मोजमाप मनगट मोडल्यामुळे वीस दिवस उशिरा जाहले, आणि शेवटी ज्यांनी ज्यांनी दोरी धरिली त्या माणसांची नावे गावांसह लिहिली, त्यांत कौसाबाईचे पहिले.

ते प्रकरण सरकारांकडे गेले आणि आठ महिने परत आले नाही. मध्ये सरकारांस बढतीसाठी प्रसिद्ध लेखांची संख्या दाखवावयाची होती, आणि संख्येत एक कमी पडत होता, हे आम्हांस पुढे कळले. आठ महिन्यांनी प्रकरण आले, वर लाल शाईने "पाहिले. अजून खोल जावे." बाईंनी वाचून पाहिले, कोठे खोल जावयाचे ते सापडले नाही, म्हणोन पुन्हा सगळे आकडे तपासले आणि तसेच ठेविले. पुढे चौथे प्रकरण झाले, संदर्भसूची झाली, आणि मग ज्या तऱ्हेने ती केली ती तऱ्हा विद्यापीठाने बदलली म्हणोन पुन्हा झाली, आणि शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षात, सात वर्षांची मुदत संपावयास बावीस दिवस राहिले असता प्रबंध ग्रंथालयाचे तळमजल्यावरील साम्य तपासणाऱ्या यंत्रापाशी गेला. त्या यंत्राचे काम ऐसे, की लिहिलेले दुसऱ्या कोठून उचलले आहे का ते शोधावे आणि शंभरात किती ते सांगावे. दहापर्यंत चालते. बाईंचे एकेचाळीस निघाले. तिसरे प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पिवळे, आणि समासात नोंद, की हा मजकूर अमुक नियतकालिकात दोन वर्षांपूर्वी प्रसिद्ध, लेखक डॉ. प्रभाकर वडनेरे. बाईंनी तो लेख तेथेच काढोन वाचला. आकडे तेच, वाक्ये तीच, गाठी मारलेल्या दोरीचे चित्रही तेच. मोडलेले मनगटही सरकारांनी तळटीपेत तसेच्या तसे ठेविले होते, कारण वाचले नव्हते. फक्त शेवटची नावे काढोन तेथे अधिष्ठात्यांचे आभार घातले होते, कारण आभार तेवढे सरकार वाचीत.

बाई अर्धा तास ग्रंथालयाचे पायरीवर बसल्या. मग पीएच.डी. विभागाचे खिडकीवर गेल्या. तेथील अधीक्षक गजाननराव पोफळे, चष्म्यावरून पाहणारे, नियमांची वही तोंडपाठ. त्यांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, "एकेचाळीस? हे नाही स्वीकारता यायचं." आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "एक वाट आहे. नमुना ड. लेख तुमच्याच कामातून निघाला असेल, तर मार्गदर्शकांनी लिहून द्यायचं की, यातली मोजमापं आणि लेखन या संशोधिकेचंच आहे. सही-शिक्क्यानिशी. आणि तो कागद प्रबंधाच्या सुरुवातीला शिवायचा. मग तेवढा भाग मोजत नाहीत." बाईंनी पुसिले, "असं कोणी दिलंय आजपर्यंत?" पोफळे म्हणाले, "सोळा वर्षं इथं आहे. कोरे नमुने आहेत तेवढेच आहेत. समास मात्र दीड इंच ठेवा, नाही तर परत करीन." बाईंनी कोरा नमुना घेतला, आणि बाहेर आमची गाठ पडली तेव्हा आम्हांसही एक आणून दिला, का ते तेव्हा समजले नाही, आणि आम्ही तो खणात ठेविला.

मग बाई सरकारांचे भेटीस गेल्या. आमची खोली भिंतीपलीकडे आणि भिंत पातळ, सबब जे जाहले ते शब्दशः ऐकिले. बाई म्हणाल्या, "सर, हा लेख म्हणजे माझं तिसरं प्रकरण आहे." सरकार म्हणाले, "तुझं कसं? नाव कोणाचं आहे?"

"विहिरी मी मोजल्या, सर."

"मोजल्यास. पण मोज असं सांगितलं कोणी?"

मग बाई म्हणाल्या की नमुना ड वर सही हवी, एवढेच. सरकार म्हणाले, "ते ड-बिड माझ्यापुढं आणू नकोस. अगं, यंत्र म्हणतंय की तू माझ्या लेखातून उचललंस. मी तक्रार केली तर? करत नाही. का? तर मुलीसारखी आहेस. हे बघ, सोपं आहे. तिसरं गाळ. चौथ्याला तिसरं म्हण. पदवी काय प्रकरणं मोजून देतात?" आणि मग फोन वाजला आणि सरकार फोनवर कोणास सचोटीवरील व्याख्यानाची तारीख देऊ लागले. बाई बाहेर आल्या. आम्ही वयाने वडील, अनुभवाने जाणते, सबब मसलत दिली. म्हणालो, "हेमांगी, गाळ. इथं सगळ्यांचं जातं. एकदा पदवी हातात पडली की कोण विचारतंय?" त्यांनी आम्हांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचंही गेलंय का?" आम्ही म्हणालो, "चहा घेणार का?" आणि विषय तेथेच मोडला. तिसरे प्रकरण काढिले तर प्रबंधात काय उरते हे आम्हांस ठाऊक होते. पहिल्यात विहिरी का मोजाव्या, दुसऱ्यात कशा मोजाव्या, आणि चौथ्यात मोजल्यावर काय समजले, आणि मोजलेलेच नाही.

दुसरे दिवशी बाई सदतीस क्रमांकाचे विहिरीवर गेल्या. का गेल्या ते आम्ही पुढे पुसिले, तेव्हा म्हणाल्या की, आजीला सांगणं भाग होतं. कौसाबाईने सर्व ऐकिले आणि पुसिले, "म्हंजी बुक निघालं, त्यात मोडलेला हात हाय, पर हात बांधणारी न्हाई?" बाई म्हणाल्या, "नाही आजी." कौसाबाई म्हणाली, "त्यो मानूस कवा आलता हिकडं?" बाई म्हणाल्या, "कधीच नाही." तेव्हा म्हातारीला राग आला, आणि तो राग ऐसा की तिने शिव्या दिल्या नाहीत, दोरी उचलली आणि म्हणाली, "चल, या महिन्याचं मोजायचं ऱ्हायलंय." तीन वर्षे संपल्यावरही ही एक विहीर दोघी मोजीतच होत्या. मोजले. पाणी मागील वर्षाहून चार हात खाली होते. बाई सांगत की परतीचे वाटेवर एस.टी.त बसून त्यांनी काय करावयाचे ते ठरविले, आणि ठरविले ते एवढेच, की खोटे एक अक्षर बोलावयाचे नाही.

मग मुदतीस सहा दिवस राहिले असता, सकाळी दहाचे सुमारास, बाई सरकारांपुढे हजर जाहल्या. एका हाती संपूर्ण प्रबंध, तिसरे प्रकरण जागेवर. दुसऱ्या हाती सह्यांचे कागद चौदा, त्यांत सातवा नमुना ड, वर ठळक अक्षरांत त्याचे नाव. आणि सर्वांवर ऋणनिर्देशाचे पान. सरकार म्हणाले, "गाळलंस ना?" बाई म्हणाल्या, "सर, प्रबंध इथं ठेवलाय. पाहून घ्यावा. आणि हे चौदा कागद आहेत, तेही एकदा वाचून मग सही करावी." सरकार म्हणाले, "मला शिकवू नकोस," आणि सवयीने ऋणनिर्देशाचे पान उचलले, चष्मा पुसला आणि वाचू लागले. आणि मग पलीकडून ऐसा आवाज आला, की आम्ही खुर्चीवरून उठलो. त्या पानात सरकारांचे नावामागे विशेषणे दोनच होती. एक कर्तव्यदक्ष, आणि दुसरे वक्तशीर.

"वक्तशीर? मी काय स्टेशनमास्तर आहे का गं?" सरकार म्हणाले. "सात वर्षांत तुला एवढंच दिसलं?" बाई म्हणाल्या, "मला लिहिता येत नाही तसं, सर. आपण सांगावं, मी लिहून घेते." हे ऐकोन सरकार शांत जाहले, प्रसन्न जाहले, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "लिही. ऋषितुल्य." बाईंनी लिहिले आणि पहिला कागद समोर धरिला. सरकारांनी सही केली आणि म्हणाले, "व्यासंगी." दुसरा कागद, सही. "दूरदर्शी आणि... थांब, द्रष्टे म्हण, दूरदर्शी जुनं झालं." तिसरा, चौथा. मग प्रज्ञावंत म्हणावे की प्रज्ञासूर्य, यावर सरकारांचा मनाशी मोठा विचार चालला. प्रज्ञासूर्य थोडे जास्त होईल, लोक काय म्हणतील, आणि प्रज्ञावंत तर मागील वर्षी शेजारच्या खात्यातील त्या माणसासही कोणी म्हटले होते. या विचारात पाचवा, सहावा आणि सातवा कागद सह्या होऊन गेले, आणि बाई सांगत की सातव्याच्या वेळी त्यांनी कागद मुद्दाम दोन क्षण जास्त धरोन ठेविला, आणि सरकारांनी त्यावर सही करून खाली तारीखही घातली, आणि म्हणाले, "प्रज्ञासूर्यच घाल. मग ज्ञानतपस्वी, आणि मातृहृदयी शेवटी." आधीची दोन धरोन विशेषणे आठ जाहली. चौदा सह्या जाहल्या. सरकारांनी शिक्का स्वहस्ते मारिला, आणि त्या दिवशी शाईही ओली होती. बाई नमस्कार करून बाहेर आल्या, आमचे खोलीत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि एकाएकी रडू लागल्या. आम्ही घाबरलो. त्या म्हणाल्या, "दादा, ते एकदा वाचतील असं मला खरंच वाटलं होतं." पोफळ्यांनी दुसरे दिवशी पट्टी लावून समास मोजले, दोन पानांवर सव्वा इंच निघाले म्हणोन परत केले, ते दुरुस्त जाहले, आणि मुदतीचे आदले दिवशी प्रबंध स्वीकारिला. नमुना ड पाहिला तेव्हा त्यांनी चष्मा काढिला, पुन्हा लाविला आणि म्हणाले, "सोळा वर्षांत पहिला." आणि शिक्का मारिला.

त्यानंतर आठ महिने प्रबंध परीक्षकांकडे फिरत राहिला, आणि शके १९४७, भाद्रपद वद्य तृतीया, ते दिवशी तोंडी परीक्षा ठरली. परराज्याचे परीक्षक राजश्री अच्युतराव हळबे आले, वय सत्तर, तळटीपा वाचण्याची खोड. रिवाजाप्रमाणे जिची परीक्षा तिनेच खुर्च्या मांडिल्या, समोसे मागविले, आणि पडद्यावर चित्र दिसेना म्हणोन वायर हलवून धरणाराही नेमिला, तो आम्ही. परीक्षा सर्वांस खुली असते, सबब शेवटचे रांगेत कौसाबाई डोईवर पदर घेऊन बसली होती, पहिल्याने शहरात आली होती आणि लिफ्टपाशी फलक पाहोन थोडा वेळ थांबली होती. सरकार पहिल्या रांगेत, नवा कोट घालोन. बाईंनी विहिरी सांगितल्या, आलेख दाखविले, प्रश्न जाहले, उत्तरे जाहली. मग हळबे उठले, प्रबंधाचे पहिले पान उघडिले आणि म्हणाले, "आज मला एका गोष्टीचा फार आनंद झाला. मी चाळीस वर्षं परीक्षक आहे. मार्गदर्शकानं आपल्या नावानं छापलेला लेख विद्यार्थिनीचा आहे, असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलेलं मी आज पहिल्यांदा पाहतोय. वडनेरे सर, तुमच्या प्रामाणिकपणाला नमस्कार." आणि नमुना ड मोठ्याने वाचून दाखविला. टाळ्या जाहल्या. सरकारांचे मुखावर तीन रंग आले आणि गेले, ते आम्ही वायर धरून जवळून पाहिले. मग सरकार उठले, हात जोडिले आणि म्हणाले, "कर्तव्य म्हणून केलं." याहून दुसरे काय म्हणावे.

प्रकरण येथे संपते तर बरे होते, परंतु हळबे यांस तळटीपेची खोड. ते म्हणाले, "एक मात्र कळेना. तो लेख छापून आला तेव्हा मी वाचला होता. त्यात मनगट मोडल्याची टीप होती. मी तेव्हा सरांना फोन करून विचारलं होतं, कसं आहे मनगट? सर म्हणाले, आता बरं आहे. मग मनगट नक्की मोडलं कोणाचं?" हेमांगीबाईंनी उजवा हात वर केला, आणि तो थोडा वाकडा आहे हे मागील रांगेसही दिसले. तेव्हा शेवटून आवाज आला, "आनि बांधला म्या." सर्वांनी वळोन पाहिले. हळबे यांनी तिसऱ्या प्रकरणाचे शेवटचे पान काढिले, बोटाने ओळ शोधिली आणि वाचले, "कौसाबाई. विहीर क्रमांक सदतीस. तुम्हीच का?" म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "व्हय. आलंय का कागदावर?" हळबे म्हणाले, "आलंय, आजी." ती पुन्हा बसली आणि समोशाचा तुकडा पदराने पुसून खाऊ लागली.

येणेप्रमाणे हेमांगीबाई डॉक्टर जाहल्या. हल्ली एका तालुक्याचे कॉलेजात शिकवितात आणि विद्यार्थ्यांसह आणखी विहिरी मोजितात, आणि लेखावर प्रथम दोरी धरणाऱ्याचे नाव घालितात म्हणोन तेथील प्राचार्य त्यांजवर नाराज आहेत. सरकारांस याच वर्षी सचोटीबद्दलचा सन्मान मिळाला, शाल मिळाली, आणि आठ विशेषणांचे पान त्यांनी चौकटीत बसवून भिंतीस लाविले. मात्र त्या दिवसापासून सरकार प्रत्येक कागद वाचून मग सही करितात. रजेचा अर्ज वाचितात, ग्रंथालयाची पावती वाचितात, पावतीची मागील बाजूही वाचितात. तेव्हापासून या खात्यातून एकही प्रबंध बाहेर पडला नाही, आणि उरलेले सात संशोधक दोष हेमांगीबाईंस देतात, सरकारांस देत नाहीत. तुम्ही नव्या चौघांनी पुसिले, त्याचे उत्तर हे. आता लिहिणाराविषयी एवढेच, की आठवडे बाजारांवरील आमचे चौथे प्रकरणही सरकारांचे नावे छापलेले आहे, पाच वर्षे जाहली. आम्ही त्याबद्दल ऋणनिर्देशात त्यांचे आभार मानिले होते, सात विशेषणांनी. बाईंनी दिलेला नमुना ड आमचे खणात कोरा आहे. ज्या दिवसांत सरकार वाचीत नव्हते, त्या दिवसांत आम्ही तो पुढे केला नाही.